आधी पाणी, मग भोक

बोट कुठूनही गळो, पाणी शेवटी एकाच ठिकाणी जमते. शिडाच्या बोटीच्या पोटात, पायाखालच्या फळ्यांच्या खाली, सर्वांत खोल अशी जी जागा असते तिला बिल्ज म्हणतात. डेकवरच्या सैल बोल्टमधून झिरपलेला पावसाचा थेंब, इंजिनच्या नळीतून सुटलेली धार, पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा पाझर आणि तळातून आत घुसणारा समुद्र हे सगळे उतार धरत तिथेच येऊन मिसळतात. त्यामुळे बिल्जमध्ये पाणी दिसले एवढ्यावरून ते कुठून आले हे मुळीच कळत नाही. पावसाळ्यात छताची ओल एका कोपऱ्यात उमटते आणि गच्चीवरची भेग निघते दुसऱ्याच टोकाला, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे घरच पाण्यावर तरंगते आहे. बहुतेक बोटमालक पाणी दिसताच टॉर्च घेऊन भोक शोधायला लागतात. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. आधी पाणी कसले आहे ते ठरवावे, मग ते केव्हा येते ते पाहावे आणि कुठून येते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली की तिसऱ्याचे उत्तर शोधण्याची जागा अख्खी बोट न राहता हातभर उरते.

भोकामागे धावणे का फसते हे समजण्यासाठी आजच्या बोटींची रचना पाहायला हवी. फायबरच्या बऱ्याच बोटींत बाहेरच्या कवचाच्या आत आणखी एक साचेबंद अस्तर बसवलेले असते. बाके, कपाटे, चुलीचा ओटा हे सगळे त्या अस्तराचेच भाग असतात. दिसायला ते सुबक असते, पण कवच आणि अस्तर यांच्यामधली पोकळी डोळ्यांना दिसत नाही आणि तिथे हातही पोचत नाही. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, आत शिरलेले पाणी या पोकळीतून वाहत जाऊन इंजिनपाशी बाहेर पडू शकते आणि मालक बिचारा इंजिन खोलून बसतो. शिवाय तळातल्या आडव्या पट्ट्यांना पाणी पुढे सरकावे म्हणून लहान भोके ठेवलेली असतात. ती केसांनी, लाकडाच्या भुशाने बुजली की पाणी कप्प्यात अडकून बसते. मग बोट एका अंगावर कलली की चार दिवसांपूर्वीचे पाणी एकदम प्रकट होते आणि गळती आत्ताच सुरू झाली असे वाटते. थोडक्यात, पाणी दिसण्याची जागाही फसवते आणि दिसण्याची वेळही. फसवणे त्याला सगळ्यात अवघड जाते ते स्वतःच्या गुणधर्मांबाबत.

म्हणून पहिला प्रश्न: पाणी खारे की गोडे? समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात; नळाच्या पाण्यात लिटरला काही शे मिलिग्रॅम. हा फरक शंभरपटीच्या आसपासचा असल्याने तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. जुने खलाशी हाताचे बोट पाण्यात बुडवून जिभेला लावतात. हे करू नये. बिल्जमध्ये डिझेल असू शकते, संडासाच्या नळीतले पाणी असू शकते आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातले ग्लायकॉल तर विषारी असून चवीला गोड लागते. घरी पिण्याचे पाणी तपासायला वापरतात तो टीडीएस मीटर इथे पुरतो: पिण्याच्या पाण्यावर तो तीन आकडी संख्या दाखवतो आणि समुद्राच्या पाण्यावर साध्या मीटरची मोजपट्टीच संपते. पाणी गोडे निघाले तर संशयितांची यादी एका फटक्यात बदलते. पिण्याची टाकी आणि तिचे जोड, गरम पाण्याची टाकी, शॉवर, बर्फाच्या पेटीची निचरा नळी, डेकवरून येणारा पाऊस, आणि डोलकाठी थेट कीलपर्यंत, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्यापर्यंत, उतरत असेल तर तिच्या पोकळीतून खाली येणारे पाणी. दोर आत-बाहेर जाण्यासाठी डोलकाठीला वर फटी असतातच. जोरदार पावसात त्या फटींतून आत शिरलेले पाणी सरळ बिल्जमध्ये उतरते आणि त्यात गळती म्हणावी असे काहीच नसते. पाणी खारे निघाले तर वेगळी यादी: तळातून आरपार जाणारे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या नळ्या, प्रोपेलरच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड, सुकाणूचा दांडा, इंजिनला थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा मार्ग, संडास आणि कीलचे बोल्ट.

या कसोटीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा की बिल्जमध्ये आधीच वाळलेले मीठ असते. त्यावर पावसाचे पाणी पडले तरी ते खारे होते. यावर उपाय कष्टाचा पण सोपा आहे. बिल्ज पूर्ण उपसावे, गोड्या पाण्याने दोनदा धुवावे, स्पंजने टिपून कोरडे करावे आणि त्यानंतर जमलेलेच पाणी तपासावे. न धुता केलेली तपासणी म्हणजे मागच्या हंगामाच्या मिठाची तपासणी. दुसरा आक्षेप आपल्या किनाऱ्याला जास्त लागू आहे. मांडवी, झुआरी किंवा कोकणातल्या खाड्यांत नांगरलेल्या बोटीभोवतीचे पाणी वर्षभर सारखे खारे नसते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून एवढे पाणी खाली येते की खाडीचा वरचा थर जवळजवळ गोडा होतो. अशा वेळी बिल्जमधले गोडे पाणी टाकीचे किंवा पावसाचे आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ते तळातून आलेले बाहेरचेच पाणी असू शकते. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तुलना न करता तीन नमुने शेजारी ठेवावेत: बिल्जचा, टाकीचा आणि बोटीला लागून बाहेर असलेल्या पाण्याचा. तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले तर ही कसोटी त्या दिवशी निकामी आहे हे प्रामाणिकपणे मान्य करावे आणि टाकीत खाण्याचा रंग मिसळावा. बिल्जमध्ये रंग उतरला तर टाकी दोषी. क्षारांखेरीज इतर खुणाही बोलतात. साबणाचा फेस शॉवरकडे बोट दाखवतो. हिरवट किंवा गुलाबी झाक आणि चिकटपणा इंजिनच्या बंद शीतक यंत्रणेकडे.

दुसरा प्रश्न: पाणी केव्हा येते? इथे डोळ्यांपेक्षा वही जास्त उपयोगी. दर 24 तासांनी बिल्ज स्पंजने टिपून पाणी मापाच्या भांड्यात मोजावे आणि त्या दिवशी काय घडले ते शेजारी लिहावे: पाऊस, इंजिन किती चालले, शीड लावले का, बोट कोणत्या अंगावर कलली, टाकी भरली का. बांधून ठेवलेल्या बोटीत, कोरड्या हवेतही रोज सारखेच खारे पाणी जमत असेल तर गळती पाणरेषेच्या खाली आणि कायमची आहे. इंजिन चालल्यावरच पाणी येत असेल तर शाफ्टची ग्लँड, शीतकरणाचा पंप किंवा धुराड्याची नळी तपासावी. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमध्ये मेणातली दोरी भरलेली असते आणि शाफ्ट फिरताना ती मिनिटाला थोडे थेंब गाळते. तेच तिचे वंगण. पण बोट उभी असतानाही ती गळत राहिली तर तो बिघाड आहे. वाऱ्यावर कलून चालतानाच पाणी येत असेल तर प्रश्न बहुधा डेक आणि कवच यांच्या सांध्याचा, किंवा एरवी पाण्याच्या वर राहणाऱ्या एखाद्या नळीच्या तोंडाचा. ते तोंड कलल्यावर बुडते आणि नळीला वळसा व हवा घेणारी झडप नसेल तर समुद्र उलटा आत ओढला जातो. कुठलाही नळ उघडा नसताना पाण्याचा विजेचा पंप रात्री मधूनच घुरघुरत असेल तर शोध जवळजवळ संपलाच: दाबाच्या नळीत कुठेतरी गळती आहे. ही नोंद आठवडाभर ठेवण्याचा कंटाळा येतो हे खरे. पण एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. अर्थ दोन दिवसांतल्या फरकाला असतो.

या दोन प्रश्नांनंतर तिसऱ्याकडे वळावे आणि मग साधी साधने नेमके काम करतात. संशयित जोडाभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळावा. भिजला की जोड सापडला. कोरड्या केलेल्या कवचावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. पाण्याचा ओघळ तिच्यावर रेघ काढून आपला मार्ग दाखवतो. मात्र ओल्या जागेपासून उताराच्या उलट दिशेने, म्हणजे वरवर जायचे. सर्वांत वरचा ओला बिंदू हाच महत्त्वाचा. डेकची गळती शोधताना पाइपाने एकदम सगळीकडे पाणी मारू नये. खालच्या भागापासून सुरुवात करावी, एका वेळी हातभर जागा भिजवावी, थांबावे, आत पाहावे, मग वर सरकावे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून खालची सगळी जागा भिजवते आणि प्रयोग वाया जातो. याहून नेमकी रीत उलट दिशेची आहे: खिडक्या-झरोके चिकटपट्टीने बंद करून पंख्याने केबिनमध्ये हवेचा हलका दाब निर्माण करायचा आणि बाहेरून साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतात तिथून हवा बाहेर जाते, आणि तिथूनच पाणी आत येते. पाण्याला अस्तराआडचा लांबचा रस्ता घेता येतो, पण हवेचा बुडबुडा बाहेरच्या फटीवरच फुगतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. एवढा खटाटोप कशाला? आपोआप सुरू होणारा पंप बसवावा आणि निवांत झोपावे. पंप हवाच, पण तो उत्तर नव्हे. उलट तो पुरावा बाहेर फेकतो. स्वयंचलित पंप असलेल्या बोटीत गळती दुप्पट झाली तरी बिल्ज तितकेच कोरडे दिसते, आणि मालकाला ते कळते बॅटरी उतरल्यावर. थोडे गणितही पाहू. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे चार लिटर. याला कोणताही पंप पुरतो. पण पाणरेषेच्या 60 सेंटिमीटर खाली 25 मिलिमीटर व्यासाची नळी निसटली तर पाणी सेकंदाला तीन मीटरहून अधिक वेगाने आत येते आणि मिनिटाला साधारण 60 लिटर जमते, म्हणजे तासाला 3600 लिटर. लहान बोटींत बसवलेल्या अनेक पंपांवर तासाला 2000 लिटर असा आकडा छापलेला असतो, तोही पाणी वर चढवावे न लागता मोजलेला. शिवाय पंप स्वतःही कोडे निर्माण करतो. 25 मिलिमीटरच्या तीन मीटर लांब नळीत सुमारे दीड लिटर पाणी मावते. पंप थांबला की नळीच्या चढत्या भागातले पाणी मागे उतरते, तळाचा खटका पुन्हा उचलला जातो, पंप पुन्हा सुरू होतो. कित्येक ‘न उलगडणाऱ्या’ गळत्या म्हणजे हेच तेवढे पाणी येरझारा घालत असते. म्हणून पंपाला तो किती वेळा चालला हे मोजणारा गणक जोडावा. तेव्हाच पंप पुरावा पुसण्याऐवजी नोंदवू लागतो.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा: लाकडी होडी थोडी गळणारच, त्यात काय शोधायचे? हे अर्धे खरे आहे. किनाऱ्यावर महिनोन्‌महिने राहिलेल्या होडीच्या फळ्या वाळून आक्रसतात, पाण्यात उतरल्यावर काही दिवस ती गळते आणि फळ्या फुगल्या की गळती मंदावते. पण ‘थोडे’ या शब्दाला आकडा नसेल तर तो निव्वळ दिलासा ठरतो. मुंबईत बांधलेल्या आणि डिसेंबर 1964 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘सुहेली’चे उदाहरण इथे बोलके आहे. सागवानाची ही सुमारे 32 फुटांची बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परतले. अशी ती पहिलीच प्रदक्षिणा. अटलांटिक महासागरातच बोटीतले पाणी उपसण्याचे प्रमाण वाढले. वारा पडलेला पाहून त्यांनी समुद्रात बुडी मारली, तेव्हा कील आणि सर्वांत खालची फळी यांच्या सांध्यातले भरण निघालेले दिसले, आणि बोट हेलकावताना तो सांधा उघडझाप करत होता. त्यांनी त्यावर कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. यात लक्षात घेण्याजोगे दोन मुद्दे आहेत. उपसा मोजला जात होता म्हणूनच वाढ जाणवली. आणि दोष असा होता की बोट हलल्याशिवाय तो नीट दिसला नसता.

तरीही कुणी म्हणेल की संशय आला की बोट सरळ बाहेर काढून तपासावी. बाहेर काढणे काही वेळा अटळ असते, विशेषतः बोट खडकावर किंवा वाळूवर आदळल्यानंतर. पण जमिनीवर तळाला पाण्याचा दाब नसतो, इंजिनची थरथर नसते, शिडाचा ताण नसतो. म्हणजे ज्या परिस्थितीत ती गळते नेमकी तीच नाहीशी होते. त्यामुळे पाण्यात असतानाची नोंद हाताशी नसेल तर किनाऱ्यावरची तपासणीही अंदाजपंचे होते. उलट पाणी खारे आहे, बोट उभी असतानाही येते आणि बिल्ज टिपल्यावर कीलच्या बोल्टांच्या बुडाशी पुन्हा जमते एवढे माहीत असेल, तर कारागीर थेट कीलच्या सांध्याकडे जातो. तिथे गंजाचा तांबूस ओघळ किंवा केसाएवढी भेग शोधतो आणि वेळ पडली तर बोल्ट काढून पाहतो.

हा तपशील जीवनमरणाचा का असू शकतो हे 2014 मधल्या ‘चीकी राफिकी’ या ब्रिटिश बोटीच्या अपघाताने दाखवले. अँटिग्वाहून साउदम्प्टनला जाणारी ही फायबरची शर्यतीची बोट 16 मे रोजी पहाटे उत्तर अटलांटिकमध्ये, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापासून सुमारे 720 सागरी मैलांवर, कील निखळून उलटली. तिच्यावरचे चारही जण गेले. त्याआधी बोटीतून ईमेल गेला होता: पाणी आत येते आहे, उजव्या बाजूची पाण्याची टाकी फुटली असावी, कवच आणि व्हॉल्व्ह पाहिले पण काही सापडले नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने 2015 मध्ये अहवाल दिला. पूर्वी बोट तळाला आदळण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कील जोडलेला भाग कमकुवत झाला असण्याची शक्यता त्यात मांडली आहे आणि पाणी शिरत असेल तर कीलच्या जोडाच्या भागासह सर्व शक्यता तपासाव्यात, असा धडा सांगितला आहे. त्या चौघांनी काय करायला हवे होते हे खवळलेला समुद्र न पाहता सांगणे अन्यायाचे होईल, आणि पाण्याची परीक्षा करून ते वाचले असते असा दावा मी करत नाही. पण सापडलेल्या पहिल्या पटण्याजोग्या कारणावर शोध थांबणे किती सहज घडते हे त्या ईमेलमधून दिसते. टाकी रिकामी केल्यावरही पाणी येत राहिले तर टाकी हे पूर्ण उत्तर नसते.

अर्थात पाणी भराभर चढत असेल तर मीटर आणि वही बाजूला ठेवावी. तेव्हा तळातले सगळे व्हॉल्व्ह आधी बंद करायचे, त्यासाठी ते कुठे आहेत याचा नकाशा बोटीत लावलेला हवा आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडाची खुंटी बांधलेली हवी. पण नीट पाहिले तर तिथेही तर्क तोच आहे, फक्त घाईचा. व्हॉल्व्ह बंद करून पाणी थांबले तर दोष त्यांच्या पलीकडच्या नळ्यांत. थांबले नाही तर शाफ्ट, सुकाणू, कील किंवा कवच. वगळत वगळत जाणे हाच मार्ग दोन्हीकडे आहे, आणि शांत काळात तो सवयीचा झालेला असेल तरच घाईत सुचतो.

तेव्हा प्रत्येक बोटमालकाने आपल्या बोटीचा रोजचा आकडा माहीत करून घ्यावा, आणि तो शून्य नसेल तर त्या पाण्याचा मार्ग नाव घेऊन सांगता यावा. दुरुस्ती केली की पुन्हा मोजावे. आकडा खाली आला तरच कारण खरे ठरले. आणि जोवर उगम सिद्ध झालेला नाही तोवर ते पाणी समुद्राचे आहे, तळातून येते आहे आणि वाढणार आहे असेच धरून चालावे. हा अंदाज चुकला तर एक दिवस वाया जातो. उलटा अंदाज चुकला तर बोट जाते.